मागं फॉलोअर असताना ग्राहक म्हणून तक्रार करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणासाठी लिहिलंय?

सोलापुरात आता पेठेपेठेत रील करणारा एकजण तरी सापडतो. कुणी नव्या पेठेतल्या साड्यांचे व्हिडिओ करतं, कुणी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे, कुणी गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्यांचे. मीही त्यातलाच. माझ्या मागं साधारण 40 हजार माणसं आहेत. पुण्या-मुंबईच्या हिशेबात ही चिल्लर, पण सात रस्त्यावरच्या एखाद्या दुकानदाराला घाम फोडायला पुरेशी. असा माणूस गिऱ्हाईक म्हणून फसला तर त्यानं काय करावं, हे मला बरेचजण विचारतात. काही प्रश्न तरुण रीलवाल्यांचे आहेत, काही दुकानदारांचे. एक प्रश्न आमच्या शेजारच्या मावशींचा आहे, तो शेवटी घेतलाय.

माझे पैसे गेले, माझी वस्तू बिघडली. मी व्हिडिओ टाकला तर त्यात चूक ती काय?

बोलायचा हक्क तुम्हाला आहेच, तो कुणी काढून घेत नाही. पण माझंच सांगतो.

एप्रिलचा तिसरा आठवडा, पारा 42 च्या पुढं. आमच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला. वॉरंटी शिल्लक होती. ग्राहक सेवेला फोन लावला, तक्रार क्रमांक घेतला, दोन दिवस थांबलो आणि मग 35 सेकंदांचा व्हिडिओ टाकला. फरशीवर आलेलं बर्फाचं पाणी, नासलेलं दूध आणि कंपनीचं नाव. तीन तासांत माणूस दारात. घामानं निथळणारा पोरगा, हेल्मेट काढता काढता म्हणाला, "सर, तुमचा कॉल वरून लाल होऊन आलाय. मी अक्कलकोट रोडला एका घरी निघालो होतो, तिथनं वळवलं मला."

अर्धा तास माझी छाती फुगलेली होती. मग जिन्यात मावशी भेटल्या. त्याच कंपनीचा फ्रीज, तोच बिघाड, आणि त्यांची तक्रार माझ्याआधी 17 दिवसांची. आयुष्यभर विड्या वळलेली बाई. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवत होत्या.

माझी तक्रार खोटी नव्हती. एक अक्षर वाढवून सांगितलं नव्हतं. पण अक्कलकोट रोडवरचं ते कोणाचं तरी घर त्या दिवशी माझ्यामुळं मागं गेलं, आणि मावशी तर रांगेत कुठं होत्या हे कंपनीलाही माहीत नसावं. नळाला चार-चार दिवसांआड पाणी बघितलेल्या या शहराला टँकरपाशी ओळख काढून घागर पुढं सरकवणारा माणूस चांगला ठाऊक आहे. त्याची तहान खरीच असते. राग तहानेचा नसतो, घागरीचा असतो.

तेव्हापासून तक्रार खरी आहे का, एवढ्यावर मी थांबत नाही. माझ्यामुळं मागं कोण ढकललं जाणार, हेही बघतो.

मग मी बाकीच्यांसारखं रांगेत उभं राहायचं? किती दिवस?

हो. निदान जितकी मुदत नियमच समोरच्याला देतो तितके दिवस. ऑनलाइन खरेदी असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं तक्रार निवारण अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. बँकेचं प्रकरण असेल तर बँकेला लेखी कळवून 30 दिवस वाट पाहिल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. दुकानातून घेतलेल्या वस्तूला असं घड्याळ लावलेलं नाही. तिथं मी स्वतःपुरता महिनाच धरतो.

या महिन्यात करायच्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत: बिल शोधणं, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे का बघणं, फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी "आज अमुक वाजता बोलणं झालं, तुम्ही अमुक म्हणालात" असा ईमेल टाकून ठेवणं. मग 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथं मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवून ते कंपनीकडं पाठवतात. तो न्यायनिवाडा नव्हे, मध्यस्थी आहे. पण पुष्कळ कंपन्या एवढ्यावर हलतात.

आणि फोनवर आपली ओळख सांगायची नाही. "मी अमुक रील करतो" हे वाक्य तोंडात येतंच, मलाही येतं. ते गिळायचं.

जिल्हा ग्राहक आयोगात जायचं म्हणजे वकील, पैसा, हेलपाटे आले ना?

वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जायचं. 2019 च्या कायद्यानं, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, एक मोठी सोय केली: तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, खटला सोलापुरात. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

हेलपाट्यांचं मात्र खोटं सांगणार नाही. कायदा म्हणतो, वस्तूची तपासणी लागणार नसेल तर 3 महिन्यांत निकाल व्हावा, लागणार असेल तर 5. आयोगाच्या बाकावर बसून आलेल्या कुणालाही हे आकडे वाचून दाखवा, तो हसेल. म्हणूनच तर व्हिडिओचा मोह होतो. मोह कळण्यासारखा आहे, मला तो रोज होतो.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी दिसली. व्हिडिओ करू का?

आधी दुकानदाराशी बोला. माल सदोष असेल तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. मात्र घरी गेल्यावर रंग आवडला नाही, हा दोष नव्हे. पुष्कळ दुकानदारांनी ती पाटी वडिलांच्या काळापासून पुसलेलीसुद्धा नसते, वाचणं तर दूरच. दोन मिनिटं बोलून काम होत असेल तर कॅमेरा कशाला?

आपलं वजन वापरायलाच हवं, असं कधी असतं का?

असतं. माझ्याकडं त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं, जिवाला धोका. गॅसची शेगडी पेटताना भडका घेतेय, चार्जर वितळतोय, बंद पाकिटातल्या खाऊत काच निघाली. इथं महिना थांबणं हा गुन्हा वाटेल मला. त्याच दिवशी सांगा, बॅच क्रमांक दाखवा, आणि सोबत अन्न व औषध प्रशासनाकडं किंवा ज्याचं त्याच्याकडं लेखी तक्रारही करा. व्हिडिओ 2 दिवसांत विरतो, आवक क्रमांक राहतो.

दुसरं, फसवणूक माझ्या एकट्याची नसून सगळ्यांची असेल तर. आपली चादरच घ्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापूरच्या नावानं कुठल्या कुठल्या चादरी विकल्या जातात. मला एकानं अशी चादर आणून दिली. मी काठाचा एक धागा ओढला आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, बोटानं चुरगळला की राख होते. हा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी धरला. म्हणजे पॉलिस्टर. आणि लेबलवर "शुद्ध सुती".

आता इथं नीट बघा. या काडीनं मला एवढंच सिद्ध करता येतं की लेबल खोटं बोलतंय. ती चादर सोलापुरात विणलेली नाही, हे ती काडी सांगत नाही. "सोलापूरच्या नावानं बाहेरचा माल" असा मथळा दिला असता तर व्हिडिओ दसपट चालला असता. मी "सुती म्हणून विकलेली चादर सुती नाही" एवढंच म्हटलं आणि घरी बिल-लेबल बघून ही काडीची परीक्षा कशी करायची ते दाखवलं. माझ्या वाट्याला त्यातून काही आलं नाही. पाहणाऱ्याच्या हाती मात्र काडी आली.

अशा सामूहिक प्रकरणांना कायद्यातही वाट आहे. ग्राहकांच्या हिताला एकगठ्ठा बाध येत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडं किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडं तक्रार करता येते. आयोगाच्या परवानगीनं एकजण अनेकांच्या वतीनंही उभा राहू शकतो. आपल्याला माणसं जमवता येतात ना? मग तिथं जमवा.

मोठ्या कंपनीला एक न्याय आणि छोट्या दुकानदाराला दुसरा, हा पक्षपात नाही का?

आहे, आणि तो मी जाणूनबुजून करतो. ही अक्कल मला फुकट आलेली नाही.

तीनेक वर्षांपूर्वी होटगी रोडच्या एका खानावळीत डाळीत खडा लागला. दाढेचा टवका उडाला. मी तिथंच बसून, ताट पुढं ठेवून, खानावळीचं नाव घेऊन बोललो. जरा चवीचवीनं बोललो, खरं सांगायचं तर. "दात घरी ठेवून जेवायला या" असं काहीतरी. लोक हसले, व्हिडिओ पळाला. चौथ्या दिवशी मला विजापूर रोडवरून एका माणसाचा फोन आला. त्याच नावाची खानावळ त्याची. नावावर कुणाचा मक्ता नसतो, देवाचं नाव तर निम्म्या गावाच्या पाट्यांवर असतं. मी गेलो. त्यानं मोबाइल पुढं केला. एका ताऱ्याचे 61 अभिप्राय, त्यातले कितीतरी नाशिकचे, नागपूरचे, आयुष्यात सोलापूर न पाहिलेल्या लोकांचे. दोघातिघांनी त्याच्या आडनावावरून तो कुठल्या भाषेचा, कुठल्या जातीचा हे ओळखून पुढची घाण केली होती. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका गल्लीत नांदणाऱ्या गावात ही आग लावायला फार वेळ लागत नाही. तो माणूस ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, आमच्याकडं आमटी असते. डाळ आम्ही करतच नाही."

मी दुरुस्तीचा व्हिडिओ टाकला. पहिल्याच्या विसाव्या हिश्शाइतक्या लोकांनीही तो पाहिला नाही. खुलासा कुणाला बघायचा असतो!

आणि ज्याच्याकडं खडा लागला होता त्याचं काय? त्याला मी त्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं. डाळ निवडायला बसणारी बाई बाळंतपणाला गेली होती, हे पुढं कळलं. ते कारण पुरेसं नाही, दात माझा गेला. पण मी हाक मारून "मालक, हे बघा" म्हटलं असतं, दाताचा खर्च मागितला असता, नाही ऐकलं तर भिंतीवरच्या परवान्याचा 14 आकडी क्रमांक टिपून अन्न व औषध प्रशासनाकडं गेलो असतो, तर त्या वर्षी दोन खानावळींची घरं माझ्या नावानं बोटं मोडत बसली नसती.

कंपनीच्या कचेरीत माझा व्हिडिओ म्हणजे आणखी एक लाल कॉल. खानावळीत तो त्या महिन्याचं दुकानभाडं असतो. वजन तेच, ज्याच्या पायावर पडतं तो पाय वेगळा.

"व्हिडिओ टाकीन हं!" असं नुसतं म्हटलं तर चालतं का?

हे वाक्य टाळा. "माझी वस्तू दुरुस्त करून द्या, नाहीतर मी ग्राहक आयोगात जातो" ही हक्काची भाषा आहे. "जेवणाचं बिल माफ करा, नाहीतर 40 हजार लोकांना सांगतो" ही खंडणीच्या गल्लीत शिरणारी भाषा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये खंडणी आहे, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. आणि कायद्यात "इजा" या शब्दात नावलौकिकाची इजाही धरलेली आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी एक खूण सांगतो. जे मागताय ते तुमच्या बिलातून निघतं का? फ्रीज दुरुस्त करून मागणं बिलातून निघतं. पुढच्या वाढदिवसाला केक फुकट मागणं निघत नाही. आमच्यातले काहीजण हॉटेलात शिरतानाच मोबाइल टेबलावर उभा करून ठेवतात. तोंडानं काही म्हणत नाहीत. मालकाला ते न बोलताही ऐकू जातं.

कंपनीनं माफी म्हणून नवं मॉडेल आणि वर भेटीचा डबा पाठवला. घेऊ का?

जेवढं कोणत्याही गिऱ्हाइकाला मिळालं असतं तेवढं घ्या. वरचं परत करा. परत करणं जमणार नसेल तर निदान "मला हे मिळालं, तुम्हाला मिळणार नाही" हे लोकांना सांगा. मी डबा परत केला, असं छातीठोकपणे लिहायला आवडलं असतं. फ्रीजच्या वेळी त्यांनी चॉकलेटं पाठवली होती. पोरांनी ती माझ्याआधी उघडली.

पैसे परत मिळाले. दुकानदार म्हणतो आता व्हिडिओ काढून टाका.

काढून टाकण्यापेक्षा वर ठळक लिहा: अमुक तारखेला तक्रार मिटली, कशी मिटली. मोठ्या कंपन्या कधी कधी "कुठं वाच्यता करणार नाही" असा कागद पुढं करतात. तुमच्यासारखाच बिघाड इतरांकडंही असू शकतो असं वाटत असेल, तर त्या कागदावर सही म्हणजे त्यांच्या तोंडावर हात. छोट्या दुकानदारानं हात जोडले, तक्रार एकवेळची होती, तर मी काढून टाकतो. नियम म्हणून नाही, शेजारधर्म म्हणून.

मी त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दुकानाची जाहिरात करतो. मग याची तक्रार करू शकतो का?

करू शकता, पण पहिल्याच वाक्यात ते सांगून. केंद्रीय प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना आणि जानेवारी 2023 मधली इन्फ्लुएन्सरांसाठीची सूचनापुस्तिका सांगते की पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, नातेसंबंध, काहीही हितसंबंध असेल तर तो उघड करायचा. ठळकपणे आणि ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत. मराठीत बोलून खाली बारीक इंग्रजीत दोन अक्षरं टाकली तर ते चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय आधी 1 वर्ष आणि पुढं 3 वर्षांपर्यंत जाहिराती करायला बंदी. या सूचना स्तुतीसाठी लिहिल्यात. पण चुलत भावाचं दुकान समोर असताना पलीकडच्याची निंदा करणं हीसुद्धा जाहिरातच, फक्त उलटी शिवलेली.

मला एकदा असा निरोप आला होता: "त्यांच्याकडं जाऊन फक्त खरं खरं बोला, पैसे आम्ही देतो." खरं बोलायचे पैसे मिळणार होते! दोन दिवस मोह झाला. विकत घेतलेलं खरं कितपत खरं राहतं, या विचारानं सोडलं.

मी खरंच बोललो तर बदनामीचा खटला होऊ शकतो का?

दाखल कुणीही करू शकतो. न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये खरं बोलणं हा अपवाद आहे, पण ते लोकहितासाठी असावं लागतं. नुसतं खरं पुरत नाही. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं आणि कागदावर आहे तेच बोला. "मला 14 तारखेला सदोष मिक्सर मिळाला, चार फोन केले, उत्तर नाही" हे सुरक्षित. "हे सगळे चोर आहेत" हे बोलायला छान वाटतं, साक्षीच्या पिंजऱ्यात सिद्ध करताना फेस येतो.

काउंटरवरचा पोरगा उद्धट बोलला. त्याचा चेहरा दाखवू?

नाही. त्याच्या हातात ना परतावा असतो ना माफी. ज्यानं धोरण ठरवलं तो वातानुकूलित खोलीत आहे, आणि नोकरी जाते ती या पोराची. चेहरा झाका, आवाज बंद करा, बिलावरचा मोबाइल नंबरही झाका.

लोक मला स्वतःच्या तक्रारी पाठवतात: "दादा, तुमचं ऐकतात." काय करू?

आधी मी त्या माझ्या नावानं टाकायचो. दहापैकी तिघांचं काम व्हायचं, सात जणांना वाटायचं दादा आपल्यासाठी बोलले नाहीत. मी नकळत दुसरं तक्रार केंद्र होऊन बसलो होतो, आणि त्या केंद्राचा नियम एकच: ज्याची गोष्ट रंगतदार तो पुढं. रडणारी आजी चालायची, विमा कंपनीनं नाकारलेला दावा कुणी बघायचं नाही.

1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली ती सामान्य गिऱ्हाइकांना एकत्र आणून. तिथं जोर माणसांच्या संख्येचा होता. आमच्याकडं संख्या आहे, पण ती नुसती बघत बसलेली असते.

आता मी रविवारी सकाळी दोन तास घरी बसतो. लोक बिलं घेऊन येतात. 1915 वर त्यांनाच बोलायला लावतो, अर्ज त्यांच्याच अक्षरात. मी फक्त तारखा क्रमानं लावून देतो. लोक बिलं कुठं ठेवतात म्हणून सांगू? देवघराच्या ड्रॉवरमध्ये, उदबत्तीच्या पुड्याखाली. थर्मल कागदाचं बिल वर्षभरात कोरं होतं, म्हणून घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. व्हिडिओ करतो तेव्हा नाव कुणाचंच घेत नाही, अर्ज कसा लिहायचा ते दाखवतो. बघणारे कमी झालेत, हे खरंय.

माझ्या फ्रीजचं काय करतोस?

हा मावशींचा प्रश्न, जिन्यात विचारलेला. व्हिडिओ करू का म्हटलं तर त्या म्हणाल्या, "माझं तोंड नको दाखवूस, विहीणबाई बघतात तुझं." मग त्यांचा पहिला तक्रार क्रमांक शोधला, तो कॅलेंडरवर, सिलिंडरच्या तारखेशेजारी होता. 1915 ला त्या स्वतः बोलल्या, निम्मं मराठी, निम्मं तेलुगू. कंपनीला लेखी पत्रात "घरात इन्सुलिन आहे" हे पहिल्या ओळीत घातलं. सव्वीसाव्या दिवशी तोच हेल्मेटवाला पोरगा आला आणि कॉम्प्रेसर बदलून गेला.

तोवर त्यांची बाटली आमच्या फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी असायची. अजूनही तिथंच असते. घेऊन जा म्हटलं तर म्हणतात, "राहू दे की तुझ्याकडंच. तुझा लवकर दुरुस्त होतो."